बाबांच्या क्लासमधले जुने कॉम्प्युटर निघालेत, भाव काय धरायचा? (निपाणी)

अक्कोळरोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. निपाणीत आमच्या बाबांचा कॉम्प्युटर क्लास होता. पुढं त्याचंच डीटीपी सेंटर झालं. लग्नपत्रिका, तंबाखूच्या वखारींची बिलबुकं, बिडी बंडलांची लेबलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मराठी आणि कानडी दोन्ही. बाबा आता बेळगावला माझ्याकडं असतात आणि निपाणीचा गाळा या महिनाअखेर मालकाला रिकामा करून द्यायचा आहे.

पोटमाळ्यावरून काढलेल्या वस्तू अशा. एक एससीएल युनिकॉर्न, म्हणजे बीबीसी मायक्रो या ब्रिटिश शाळांतल्या कॉम्प्युटरची आपल्याकडं बनलेली आवृत्ती. हा बाबांनी एका हायस्कूलच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतला होता. त्याच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉक नंबर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरातला नंबर, लिहिलेला आहे. डीबी स्पेक्ट्रम प्लस (स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरचे भारतात विकलेले नग) दोन, त्यातल्या एकाचा खोका आहे. एक ३८६ म्हणजे जुना पीसी, त्याच्या आत भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड. एक २४ पिनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सव्वापाच इंची फ्लॉपींचे डबे, कॅसेटा, बाबांच्या हस्ताक्षरातल्या बेसिकच्या वह्या आणि एका फाईलमध्ये खरेदीची बिलं.

भंगारवाला सगळ्याचे मिळून अडीच हजार म्हणतोय. पुण्याच्या एकांनी फोटो बघून फक्त युनिकॉर्नला आठ हजार सांगितले, 'आजच ट्रॅव्हल्सला पार्सल टाका' म्हणून रोज फोन आहे. भाचा मला बातमी दाखवतोय की ॲपलचा जुना कॉम्प्युटर जवळजवळ आठ कोटींना गेला. ईबेवर बघावं तर बीबीसी मायक्रो कुणी दीडशे पौंडाला लावलाय, कुणी नऊशेला. यातला खरा भाव कुठला? आणि विकायच्या आधी चालू करून बघू का? चालू असेल तर जास्त येतील असं वाटतं.

---

चिकोडी_सोल्डर

भाव नंतर. आधी एकच सांगतो, प्लग लावू नका!

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेनच्या बाजूला रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक फिल्टर कपॅसिटर असतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, वरून इपॉक्सी. चाळीस वर्षांत त्या इपॉक्सीला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते. वीज दिली की पाच-दहा मिनिटांत फट्ट होऊन खोलीभर धूर. बोर्ड बहुधा वाचतो, पण घरातली माणसं घाबरतात आणि तो वास कापडात बसतो. तुमचा युनिकॉर्नही आधी उघडून बघायचा. कपॅसिटर बदलायला फार खर्च नाही, पण ज्याला मेन सप्लायची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

३८६ मध्ये मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची बॅटरी सोल्डर केलेली असेल. ती आजच कापून काढा. फुटलेली असेल तर आजूबाजूच्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखं काही दिसेल. ते अल्कलीचं गळणं आहे. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं. असे कित्येक बोर्ड माझ्याकडं आले की सगळं शाबूत, फक्त बॅटरीजवळचे ट्रॅक खाऊन गेलेले.

---

टिळकवाडी_आठबिट

चिकोडीवाल्यांनी सांगितलेलं आधी करा. आता भावाबद्दल सविस्तर लिहितो, कारण दर महिन्याला कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं आणि दोन-तीन दिवसांत माल भंगारात गेलेला असतो. सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, तुमचा युनिकॉर्न मला स्वतःला हवा आहे. तेव्हा मी सांगितलेला आकडा आणखी दोघांकडून तपासून घ्या.

भाच्याची बातमी खरी आहे. तो ॲपल-१. १९७६ साली स्टीव्ह वॉझनियाकनी बनवलेला, साधारण २०० बोर्ड तयार झाले, किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. पुढं ॲपल-२ आल्यावर कंपनीनंच जुने बोर्ड बदल्यात परत घेतले आणि नष्ट केले, म्हणून ते इतके दुर्मिळ. सप्टेंबर २०२४ मध्ये क्रिस्टीजनं विकलेला बोर्ड स्टीव्ह जॉब्जच्या ऑफिसातला होता आणि मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनच्या संग्रहातून आला होता. बातमीत आकडा होता ९ लाख ४५ हजार डॉलर. पण लिलावात हातोडा पडला तो ७ लाख ५० हजारांवर. वरचे २६ टक्के ही घेणाऱ्यानं लिलावगृहाला द्यायची रक्कम. विकणाऱ्याच्या हातात त्यातलं काही येत नाही, उलट त्याचं कमिशन वेगळं कापलं जाऊ शकतं.

आता दुसरा आकडा बघा. ऑक्टोबर २०१४ मध्ये बॉनहॅम्सनं न्यूयॉर्कला असाच एक ॲपल-१ विकला, हेन्री फोर्ड म्युझियमनं घेतला, ९ लाख ५ हजार डॉलरना. त्यातली लिलावगृहाची रक्कम वजा केली तर हातोडा पुन्हा ७ लाख ५० हजारच. मध्ये दहा वर्षं गेली, २०२४ च्या बोर्डामागं जॉब्जचं नाव होतं, तरी आकडा तोच. त्याच्याही आधी २०१२ मध्ये सदबीजकडं एक ३ लाख ७४ हजार ५०० ला गेला होता. जुनी वस्तू ठेवली की दरवर्षी भाव चढतोच, ही समजूत डोक्यातून काढा. त्या दिवशी त्या खोलीत ती वस्तू हवीच असलेली किमान दोन माणसं होती का, यावर सगळं ठरतं.

तुमच्या वस्तूंचं गणित वेगळं. स्पेक्ट्रम जगभरात ५० लाखांच्या वर विकला गेला, बीबीसी मायक्रो १५ लाखांच्या. इंग्लंडात चालू स्थितीतला बीबीसीचा नेहमीचा मॉडेल बी शंभर-दोनशे पौंडात मिळून जातो. ईबेवर नऊशे लावणाऱ्यानं ते नुसते लावलेत, कुणी दिलेले नाहीत. ईबेच्या शोधात 'विकले गेलेले' एवढंच निवडता येतं, तेवढंच बघत जा. आणि लंडनच्या माणसाला त्याच्या गल्लीत मिळणारा बीबीसी तो निपाणीहून कशाला मागवेल? वजन, कुरिअर आणि तिकडचा आयात कर मिळून यंत्राच्या वर पैसे जातील.

पण युनिकॉर्न म्हणजे नुसता बीबीसी नव्हे. केंद्र सरकारनं १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प काढला, सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळा घेतल्या आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. त्याची भारतीय आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं (एससीएल) बनवली, तीच युनिकॉर्न. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या कारखान्याला मोठी आग लागली. शाळांत गेलेली यंत्रं नंतर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आणि निर्लेखनात, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढून विकताना, किलोनं गेली. त्यामुळं बघायला मिळणं अवघड. हौशी संग्राहक थोडे आहेत, पण ज्याला युनिकॉर्न हवा त्याला ब्रिटिश मॉडेल बी देऊन भागत नाही.

म्हणून त्या पांढऱ्या डेडस्टॉक नंबराला थिनरचा बोळा लावू नका! लोक विकण्याआधी घासून चकचकीत करतात आणि नेमकी किमतीची गोष्ट पुसून टाकतात. शाळेचं आद्याक्षर, रजिस्टरचा नंबर, त्याखाली वर्ष असेल तर वर्ष, हा त्या यंत्राचा जन्मदाखला आहे. त्यावरून हा खरोखर शाळेत गेलेला नग आहे हे सिद्ध होतं. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकलाही हात लावू नका. आग पसरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमिनचं संयुग घालत, उन्हानं आणि वयानं ते पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, पण डाग पडतात आणि पेंटची अक्षरं जातात. घेणाऱ्याला हवं असेल तर तो करेल.

३८६ बद्दल एक गोष्ट पुण्या-मुंबईचे संग्राहक सांगणार नाहीत, ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत विचारा. मी तिथं सीएनसी आणि स्पार्क इरोजन, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशिनांच्या, कंट्रोलरची कामं करतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सेकंडहँड आणलेल्या कितीतरी मशिनी अजून फ्लॉपीवरून प्रोग्राम घेतात आणि आत आयएसए स्लॉटचा (जुन्या पद्धतीची कार्डं बसतात तो) मदरबोर्ड असतो. तो बोर्ड गेला तर आठवडाभर मशीन बंद आणि ऑर्डर अडकलेली. अशा मालकाला चालू आयएसए बोर्ड किंवा चांगला फ्लॉपी ड्राइव्ह दाखवा, तो घासाघीस करत नाही. साध्या ३८६ ला संग्राहक देईल त्याच्या दुप्पट वर्कशॉपवाला देतो, हे मी स्वतः बघितलंय. त्याला यंत्राचं प्रेम नाही, गरज आहे. बाजारात गरज प्रेमाच्या आधी पैसे काढते.

मात्र तुमच्या ३८६ ला वर्कशॉपमध्ये पाठवायच्या आधी जिस्ट कार्ड काढून घ्या, आणि हा भाग कृपा करून नीट वाचा.

जिस्टचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं, पुढं पुण्याच्या सी-डॅकनं ते कार्ड घरोघर पोचवलं. साध्या डॉसच्या पीसीत हे कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये भारतीय लिपीत टाइप करता येई. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'क' ची कळ मराठीला आणि कानडीला तीच. आत साठवलेला कोडही इस्कीचा, सगळ्या लिप्यांना समान. एका दुकानात एकाच यंत्रावर सकाळी मराठी पत्रिका आणि दुपारी कानडी नोटीस, हे आपल्या भागात त्या कार्डामुळं सोपं झालं. दिल्लीतल्या एखाद्या कचेरीत ते कार्ड एकाच लिपीसाठी वापरलं गेलं असेल, निपाणीच्या गाळ्यात त्याची पूर्ण ताकद वापरली गेली. भंगारात त्या कार्डाला फक्त कडेच्या सोनेरी पट्टीसाठी विचारतात. इथून गोळा झालेले बोर्ड पोत्यांनी पुढं जातात, दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी ॲसिडमध्ये बुडवले जातात. ३८६, ४८६ चे सिरॅमिक प्रोसेसर तर सोन्यासाठीच इतके गेले की आता चांगला नग शोधावा लागतो.

जिस्ट कार्डाला आज लिलावात कोण किती देईल? फार नाही. मी दोन-अडीच हजारांच्या वर सांगणार नाही. पण बाबांच्या हार्डडिस्कवर आणि फ्लॉप्यांत इस्कीमध्ये साठवलेला मजकूर असेल तर तो आज सोप्या रूपांतरानं वाचता येतो, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवरून घेतली आहे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाइली असतील तर त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल, तेही जमतं. नव्वदीतल्या निपाणीची बिलं, लेबलं, पत्रकं, दोन भाषांत, एका माणसानं जुळवलेली. असा साठा माझ्या माहितीत दुसरीकडं नाही. एकही फ्लॉपी विकायच्या आधी सगळ्यांची प्रत काढा. सव्वापाचचा चालू ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड लागतं. बीबीसीच्या फ्लॉप्या जुन्या एफएम पद्धतीनं लिहिलेल्या असतात, बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरला त्या वाचता येत नाहीत, ग्रीझवीझलला येतात. माझ्याकडं दोन्ही आहे. पैसे घेणार नाही.

फ्लॉपीच्या फटीतून बघा, तबकडीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड घाण होतो आणि पुढच्या दहा फ्लॉप्या खराब होतात.

आकडा. युनिकॉर्न, त्याच्या कॅसेटा, बाबांच्या वह्या, लिलावाची पावती असेल तर ती, हे सगळं एकत्र. मी तीस हजार देईन, आहे त्या स्थितीत, न चालवता. पॉवर सप्लाय दुरुस्त होऊन पडद्यावर अक्षरं आली तर चाळीसपर्यंत मागा. नुसतं यंत्र, कागद नसतील तर पंधरा. पुण्याच्या गृहस्थांचे आठ हजार अगदीच खोटे नाहीत, पण 'आजच टाका' म्हणणाऱ्याला माल कधीच आज टाकायचा नसतो.

---

खानापूर_रेट्रो

दादांचं युनिकॉर्नबद्दलचं पटलं, पण सगळं एकत्र ठेवायचा आग्रह मला पटत नाही. मी गेली काही वर्षं जुने कीबोर्ड आणि सुटे भाग विकते. स्पेक्ट्रम प्लस अख्खा विकायला गेलं तर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, सगळ्या कळा चालतात का. आतली मेंब्रेन, म्हणजे कळांखालची पातळ प्लास्टिकची पट्टी, वयानं कडक होऊन तुटते, जवळजवळ सगळ्यांचीच. नवी मेंब्रेन आजही बनते आणि विकत मिळते. दोन स्पेक्ट्रमपैकी एकाचा बोर्ड चांगला, दुसऱ्याची केस चांगली, असं असेल तर दोन्हींचा मिळून एक नीट नग करा, खोक्यात घाला आणि उरलेले भाग वेगळे विका. दोन अर्धवट नगांपेक्षा जास्त येतात. आणि भारतात डेसिबेल्सनं विकलेला म्हणून डीबीच्या नावाची पट्टी असलेली केस तीच ठेवा, ती बाहेरच्यांकडं नसते.

दुसरं असं की वाट बघायलाही जागा कोरडी लागते. आमच्या खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर कार्डबोर्डच्या खोक्यात ठेवलेलं काहीही धड राहत नाही. चांगल्या भावासाठी वर्षभर थांबायचं आणि तोवर यंत्राला गंज, यापेक्षा चार पैसे कमी घेऊन नीट सांभाळणाऱ्याला दिलेलं बरं. घेणारा कुठं ठेवणार आहे ते मी तर विचारतेच.

---

टिळकवाडी_आठबिट

ताई, स्पेक्ट्रमचं तुमचं बरोबर आहे, ते सुटे करायला माझी हरकत नाही. युनिकॉर्नच्या वह्या मात्र वेगळ्या करू नयेत. यंत्र एकाकडं आणि त्यावर शिकवलेलं दुसऱ्याकडं गेलं की दोन्हींची ओळख जाते, आणि वह्यांना वेगळं कुणी काही देत नाही.

---

अक्कोळरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना काल रात्री हे सगळं वाचून दाखवलं. जिस्ट कार्डाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, कानडी मजकूर मला कुठं नीट यायचा, शेजारचे मास्तर येऊन बसायचे आणि मी त्यांच्या सांगण्यावरून टाइप करायचो. फ्लॉप्या विकायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलंय. प्रती काढायला आम्ही टिळकवाडीला घेऊन येऊ.

लिलावाची पावती सापडली! शाळेचा शिक्का, तारीख, 'जुना संगणक संच नग १' आणि डेडस्टॉक नंबर. यंत्रावरचाच नंबर आहे. भंगारवाल्याला फक्त प्रिंटरची तुटकी केस आणि मॉनिटरचे रिकामे सांगाडे देतोय. पुण्याच्या गृहस्थांना सध्या विकत नाही असं कळवलंय.

दोन शंका. शाळेचं यंत्र म्हणून पुढं कुणी हरकत घेईल का? आणि परदेशातला कुणी चांगलं देत असेल तर असं जुनं यंत्र बाहेर पाठवायला बंदी आहे का?

---

टिळकवाडी_आठबिट

पावती मिळाली म्हणजे पहिली शंका मिटली. शाळेच्या वस्तूवर फक्त नंबर असेल आणि कागद नसेल तर समजूतदार संग्राहक घेत नाही, कारण ती चोरीची असू शकते. तुमच्याकडं निर्लेखनाचा लिलाव झाल्याचा पुरावा आहे. मूळ पावतीचा स्कॅन तुमच्याकडं ठेवा, मूळ प्रत यंत्राबरोबर द्या. विकताना साध्या कागदावर लिहून घ्या : यंत्राचं नाव, सीरियल नंबर, डेडस्टॉक नंबर, 'न चालवता, आहे त्या स्थितीत', रक्कम, दोघांच्या सह्या. ऑनलाइन पैसे घेतले तर व्यवहाराचा नंबरही त्यावर घाला.

बंदीचं म्हणाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंना लागतो, चाळीस वर्षांच्या कॉम्प्युटरला नाही. तरी माझं मत विचाराल तर युनिकॉर्न देशातच राहावा, आणि जमल्यास आपल्या भागात. इथल्या मुलांना तो बघायला मिळावा असं मला फार वाटतं. मला दिलात तर शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत तो चालू करून दाखवीन, हे मी त्याच कागदावर लिहून द्यायला तयार आहे. दुसऱ्या कुणी जास्त दिले आणि तेवढीच काळजी घेणार असेल तर बिनदिक्कत त्यांना द्या.

येताना फ्लॉप्यांचे डबे मांडीवर घेऊन या, डिकीत स्पीकर असेल तर तिथं ठेवू नका, त्याच्या चुंबकानं मजकूर जातो. हार्डडिस्क ३८६ मधून काढू नका, जशी आहे तशी आणा, तिची प्रत आधी काढू. बाबांना बरोबर घेऊन याच. कुठल्या फाईलला काय नाव दिलं होतं ते त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.